एक नंबर, दोन घरं

सकाळी 6.30

दिवाळी संपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडयांचा हंगाम लागतो. रात्री कुठे दंडार, कुठे नाटक. अर्धा जिल्हा उशिरा झोपतो, त्यामुळे सकाळी सहाच्या सुमाराला कंट्रोल रूमचा फोन वाजत नाही. या तासाभरात मी यादी काढतो.

कंट्रोल रूम हे नाव केबल टीव्हीच्या काळातलं. तेव्हा गच्चीवर छत्र्या होत्या. 2017 पर्यंत सरकारने खेड्यांतलीही ॲनालॉग केबल बंद करायला लावली, सेट टॉप बॉक्स आले आणि त्याच खांबांवरून आम्ही फायबर ओढलं. आता काचेच्या एकाच तंतूतून 1550 नॅनोमीटरच्या उजेडावर टीव्ही जातो, 1490 वर इंटरनेट जातं, आणि गिऱ्हाइकाच्या घरून परत येतं ते 1310 वर. लोकांसाठी मात्र आम्ही अजून केबलवालेच.

यादी अशी निघते. गावोगावी आमची वाटपयंत्रं आहेत, त्यांना ओएलटी म्हणतात. एका पोर्टमधून निघालेलं फायबर स्प्लिटरवर फुटत फुटत 32 किंवा 64 घरांत जातं, आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर एक डबा असतो. इथला एक जुना संगणक रात्रंदिवस दर पाच मिनिटांनी प्रत्येक ओएलटीला विचारतो की तुझ्याकडे आत्ता कोणकोण हजर आहे. उत्तरात प्रत्येक डब्याचा मॅक पत्ता येतो, पोर्ट येतो, उजेड किती पोचतोय ते येतं आणि अंतर येतं. सकाळी मी संगणकाला एवढंच सांगतो की गेल्या चोवीस तासांत एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असलेले पत्ते दाखव.

मॅक पत्ता म्हणजे कारखान्यात यंत्राला मिळालेला बारा अक्षरांचा नंबर. पहिली सहा अक्षरं कंपनीची, पुढची सहा त्या एका नगाची. असे सुमारे 281 लाख कोटी वेगवेगळे पत्ते होऊ शकतात. तरी आमच्याकडे रोज सकाळी जोड्या सापडतात.

मालकांना वाटतं ही चोरांची यादी आहे. यादी पाहिली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आज किती पकडले?" मी ती त्यांना दुपारनंतरच दाखवतो. तोवर तिच्यातून बिचारे निर्दोष लोक काढून झालेले असतात.

7.15

निर्दोषांमध्ये पहिला मान दुरुस्त होऊन आलेल्या डब्यांचा. पावसाळ्यात वीज पडली की डबे जळतात. सगळे फेकून देणं परवडत नाही, म्हणून काही दुरुस्तीला जातात. दुरुस्त करणारा चालू डब्यातली मेमरी जशीच्या तशी उचलतो आणि मेलेल्या डब्यात ओततो. डबा जिवंत होतो, पण दुसऱ्याचं नाव घेऊन. एकाच चालू डब्यावरून दहा डबे उठवले असतील तर दहाही जण स्वतःला तोच समजतात.

अशी दोन भावंडं एकाच पोर्टवर आली तर लगेच कळतं. एक नोंदणी करतं तेव्हा दुसरं बाहेर पडतं, मग ते परत आत येतं आणि पहिलं बाहेर. घरातला लाल दिवा लागतो-विझतो, लाईनमन खांबावर चढून फायबर तपासतो, आणि फायबर ठणठणीत असतं. ती वेगवेगळ्या ओएलटींवर गेली, तर या यादीशिवाय वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. खरा नंबर डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. लाईनमनने त्याचा फोटो पाठवला की मी इथूनच तो नंबर डब्यात परत लिहितो. आजच्या यादीतल्या बऱ्याच ओळी अशाच गेल्या.

8.10

फोन सुरू. लाखनीकडे धानाच्या हार्वेस्टरने वायर ओढली. वरठीला पॅचकॉर्ड उंदराने कुरतडली. आणि रोजच्याप्रमाणे गुरुजींचा फोन.

गुरुजी मोहाडी तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त शिक्षक. गावाचं नाव लिहीत नाही, पुढे कळेल का ते. त्यांची मुलगी पुण्याला असते आणि रात्री आठला व्हिडिओ कॉल करते.

"बाबू, सात वाजले का नेट जाते, दहा वाजले का येते," ते म्हणाले. "हा डब्बा शाळेच्या टाइमटेबलवर चालते का?"

"कधीपासून होतंय, गुरुजी?"

"भाऊबीजेपासून."

लाईनमन जाऊन आला होता. त्याने पॅचकॉर्ड बदलली, कनेक्टर पुसला, उजेड मोजला. उणे 21, म्हणजे उत्तम. उणे 27 च्या खाली गेला तर आम्ही काळजी करतो. पण उजेडाचा दोष असता तर तो घड्याळ बघून आला नसता.

मी गुरुजींच्या आयडीचं रेकॉर्ड उघडलं. दिवसभर सेशन एकसलग. संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांपासून मिनिटा-दीड मिनिटाचे तुकडे, एकामागून एक. मग अचानक परत एकसलग, तीन तास. म्हणजे गुरुजींचं नेट बंद होतं तेव्हा आमच्या सर्व्हरला ते मस्त चालू दिसत होतं. आणि गुरुजींच्या डब्याचा मॅक आज सकाळच्या यादीत होता, त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावाच्या ओएलटीवर, संध्याकाळी सात ते दहा.

9.00

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण नक्कल कशी चालते हे कळल्याशिवाय ती का सापडते हेही कळत नाही.

आमच्याकडे आत यायला तीन दारं आहेत. पहिलं ओएलटीचं, ते डब्याचा मॅक बघतं. दुसरं बिलिंग सर्व्हरचं, तिथे आयडी आणि पासवर्ड लागतो. तिसरं म्हणजे मॅक बाइंडिंग. राउटरचा मॅक त्या आयडीला बांधलेला असतो, म्हणजे कोणी पासवर्ड शेजाऱ्याला सांगितला तरी शेजाऱ्याच्या राउटरवर तो चालत नाही.

आता कोणी आयडी, पासवर्ड आणि दोन्ही मॅक उचलले तर काय होतं? परक्या मॅकवरून लॉगिन आलं की सर्व्हर ते नाकारतो. पण बांधलेल्या मॅकवरूनच दुसरं लॉगिन आलं की सर्व्हर समजतो, वीज गेली असेल, राउटर बंद होऊन परत सुरू झाला असेल, जुनं सेशन मेलेलं आहे. तो जुनं तोडतो आणि नव्याला आत घेतो. जिल्ह्यात वीज इतक्यांदा जाते की हा नियम नसता तर अर्धी गिऱ्हाइकं रोज बाहेर अडकली असती. नक्कल करणाऱ्याला नेमकी हीच फट मिळते. त्याने गुरुजींना बाहेर काढलं, गुरुजींच्या राउटरने परत लॉगिन करून त्याला काढलं, असं चालत राहतं, म्हणून ते तुकडे. शेवटी ज्याचा धीर आधी सुटेल तो हरतो. गुरुजी कंटाळून डबा बंद करून ठेवत, आणि मग पलीकडे तीन तास निवांत.

पण दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की नक्कल उघडी पडते. ओएलटी प्रत्येक डब्याला उजेडाची खूण पाठवून उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतं. मोजायचं एकक 16 नॅनोसेकंद. काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 16 नॅनोसेकंद लागले तर डबा सुमारे 1.6 मीटरवर. हे हेरगिरीसाठी केलेलं नाही. एकाच तंतूवर चौसष्ट घरं बोलतात, प्रत्येकाने आपल्या पाळीला बोलायचं तर कोण किती दूर आहे हे यंत्राला माहीत असावंच लागतं. नंबर कोणालाही दुसरीकडे लिहिता येतो. वेळेचं तसं नाही. कापलेल्या फायबरची लांबी डब्याच्या मेमरीत बदलता येत नाही.

जोडणी देताना आमच्या रजिस्टरात अंतर लिहिलं जातं. गुरुजींचं 2,314 मीटर. काल संध्याकाळी त्याच मॅकचा डबा दुसऱ्या गावाच्या ओएलटीवर 3,870 मीटरवर होता, उजेड उणे 25.

मग मी त्या पोर्टवरच्या सगळ्या जोडण्यांची अंतरं काढली. 3,870 च्या आसपास चालू घर एकही नाही. बंद केलेल्या जोडण्यांत मात्र एक आहे, 3,868 मीटर, बिल न भरल्यामुळे पावसाळ्यात बंद केलेली. बंद करणं म्हणजे आमच्याकडे काय, तर यादीतून मॅक काढून टाकणं. वायर तशीच राहते आणि डबा भिंतीवर तसाच राहतो. माणूस पाठवून दीडशे मीटर वायर काढून आणण्यात पेट्रोलही सुटत नाही.

म्हणजे घर सापडलं. पण आत्ता जाऊन उपयोग नाही, तिथला डबा दिवसा झोपलेला असतो.

10.30

लाईनमन पोरगा गाडी चालवतोय, मी मागे. भंडारा-तुमसर रस्ता, दोन्ही बाजूंना धानाची कापणी. या पोराने आयटीआय केलंय आणि त्याला गोष्टी ऐकायला आवडतात. मी त्याला अमेरिकेतली गोष्ट सांगितली.

नक्कल फायबरपेक्षा जुनी आहे. आधी हेच काम टीव्हीच्या जाड काळ्या केबलवरून चालायचं, केबल मॉडेम लावून. आपल्याकडे मुंबई-पुण्यात हॅथवेने तसंच इंटरनेट दिलं. त्या पद्धतीचं नाव डॉक्सिस, पहिली आवृत्ती 1997 ची. तिच्यात मॉडेमची ओळख म्हणजे त्याचा मॅक, बाकी काही पुरावा नाही. 1999 च्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक मॉडेमला स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र दिलं. नुसता मॅक चोरून आता भागणार नव्हतं. पण मॅक आणि प्रमाणपत्र दोन्ही मॉडेमच्या एकाच मेमरीत ठेवलेले होते, त्यामुळे चोरांनी पूर्ण मेमरीच उचलायला सुरुवात केली. आपले दुरुस्तीवाले करतात तसंच, फक्त मुद्दाम.

रायन हॅरिस नावाच्या माणसाने तर याचा धंदाच केला. टीसीएनआयएसओ ही त्याची कंपनी असे फोडलेले मॉडेम विकायची. 2006 मध्ये त्याने मॉडेम कसा फोडायचा यावर पुस्तकही लिहिलं. 2012 मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयात तो दोषी ठरला आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. त्याची गिऱ्हाइकं एकमेकांत मॅकची अदलाबदल करायची, आणि शेजारच्याचा मॅक कोणी घ्यायचा नाही. एकाच यंत्रावर दोन सारखे मॉडेम आले की भांडण लागतं, म्हणून मॅक लांबच्या शहरातला हवा.

"म्हणजे गुरुजीच्या गावचा ह्या गावात चालते, पन गुरुजीच्या गल्लीत नाई," पोरगा म्हणाला.

बरोबर. त्यामुळे तिकडे पकडायचीही रीत हीच होती. सगळ्या शहरांच्या यंत्रांचे तक्ते एकत्र करायचे आणि तोच मॉडेम एका वेळी दोन शहरांत दिसतो का ते पाहायचं. आमची सकाळची यादी त्याच जातीची.

11.45, तुमसर

यादीतली सगळ्यात मजेदार ओळ इथली. एकच मॅक आणि सात घरं. गेल्या आठवड्यापर्यंत सातही सुखात होती. या आठवड्यात आम्ही इथलं नेटवर्क आवरलं, दोन वेगळे भाग एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच आभासी जाळ्यात आणले, आणि सातही घरांचं नेट लंगडं झालं. स्विच प्रत्येक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवतो. तोच पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसायला लागला की एकाने मागवलेलं दुसऱ्याच्या दारात पडतं.

सात चोर? मालकांनी ही ओळ पाहिली असती तर मोर्चाच काढला असता. मी मॅकची पहिली सहा अक्षरं पाहिली. कंपनी राउटरची नव्हती, लॅपटॉपची होती. सातही जोडण्यांचे फॉर्म काढले, तर सातांवर एकाच लाईनमनची सही. तो नोकरी सोडून गेला त्याला बरेच दिवस झाले.

बहुतेक राउटरांच्या सेटिंगमध्ये 'क्लोन मॅक' नावाचं बटण असतं. ते चोरांसाठी दिलेलं नाही. पूर्वी इंटरनेटवाले लाईन थेट संगणकाच्या मॅकला बांधायचे. घरात नवा राउटर आणला की नेट बंद, मग ऑफिसात फोन, मग अर्ज. तो त्रास वाचावा म्हणून कंपन्यांनी हे बटण दिलं. ते दाबलं की राउटर समोरच्या संगणकाचा मॅक स्वतःला लावून घेतो. आमचा तो लाईनमन जोडणी द्यायला स्वतःचा लॅपटॉप घेऊन जायचा आणि कोणीतरी शिकवलं म्हणून प्रत्येक ठिकाणी हे बटण दाबायचा. नेट चालू व्हायचं, सही व्हायची. त्याचा लॅपटॉप कधीच मोडीत गेला असेल, पण तुमसरच्या सात घरांत तो अजून चालतोय.

इलाज अर्ध्या मिनिटाचा आहे. 'कारखान्याचा मॅक परत लाव' हे बटण दाबायचं आणि बाइंडिंग नवं करायचं. सात घरी जायला वेळ लागतो तो चहामुळे.

एका घरी ताईंनी विचारलं, "आमच्या घरात पाचच फोन आहेत, तुमचं ॲप बावीस दाखवतंय. कोणी चोरून वापरत असेल का?" नाही. 2019-20 पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही वायफायला जोडताना खोटा मॅक वापरतात, माग काढता येऊ नये म्हणून. पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक यंत्राने स्वतःच रचलेला. त्यामुळे एकच फोन कधी चार नावंही घेतो. आमच्या धंद्यात एका नावाची दोन यंत्रंही आहेत आणि एका यंत्राची चार नावंही.

दुपारी 1.30

डबा उघडला, भात आणि लाखोळीची डाळ. आणि मालकांचा फोन. पोलिसांचं पत्र आलंय, आज उत्तर हवं.

अशा पत्रात एक पब्लिक आयपी असतो, पोर्ट नंबर असतो आणि सेकंदापर्यंत वेळ असते. कुठेतरी कोणाचे तरी पैसे गेलेले असतात आणि माग आमच्या नेटवर्कपर्यंत आलेला असतो. आयपी पत्ते कमी पडतात म्हणून एका पब्लिक आयपीमागे आम्ही बरीच घरं ठेवतो, त्यामुळे पोर्ट नंबराशिवाय माणूस सापडत नाही. डिसेंबर 2021 पासून लायसन्सच्या अटीप्रमाणे हे रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावं लागतं. संगणकात वेळ आणि पोर्ट घातला की एक आयडी मिळतो. आयडीला नाव असतं, गाव असतं, आधारची प्रत असते.

मी त्यानंतर आणखी एक गोष्ट बघतो, जी कोणी मागितलेली नसते. त्या सेकंदाला तो आयडी कोणत्या ओएलटीवर, किती मीटरवर होता? रजिस्टरातलं अंतर जुळलं तरच पत्राखाली सही. आजचं जुळलं.

मालक म्हणतात नक्कल म्हणजे महिन्याचे पाचशे बुडाले. मला पाचशेचं फार वाटत नाही. गुरुजींच्या आयडीवरून कोणी काही उद्योग केला असता तर जीप गुरुजींच्या दारात थांबली असती. त्या गावात ती गोष्ट पुसली जायला दोन वर्षं नाही, दोन पिढ्या लागल्या असत्या. मोबाइलच्या बाबतीत हे किती वाढू शकतं ते 2020 मध्ये मेरठच्या पोलिसांनी पाहिलं. तिथे एकाच आयएमईआयवर, म्हणजे फोनच्या ओळख-क्रमांकावर, देशभरात 13 हजारांहून जास्त फोन चालू निघाले. त्या क्रमांकावरून कोणाला शोधणार?

टीव्हीवाल्यांनी याचं उत्तर आधी शोधलं होतं. मॅच चालू असताना पडद्यावर मधेच एक लांबलचक आकडा येतो आणि जातो, लोक वैतागतात. तो त्यांच्याच बॉक्सचा नंबर असतो. कोणी चोरून सिग्नल पुढे विकत असेल तर विकलेल्या चित्रावर चोराचाच नंबर उमटतो. इंटरनेटला असला पडदा नाही.

4.00

गुरुजींच्या घरी. डबा खिडकीशेजारी, त्यावर प्लास्टिकच्या फुलांचा हार. मी स्टिकर तपासला. मॅक खरा, डबा मूळचा. स्टिकरखाली मार्करने ठळक अक्षरांत आयडी आणि पासवर्ड. आमच्याच पोरांचं अक्षर. गिऱ्हाईक विसरतं आणि रात्री फोन करतं, म्हणून सगळीकडे असंच लिहून ठेवतात. किल्ली कुलपालाच टांगलेली.

"गुरुजी, दिवाळीत पाहुणे आले होते?"

"बहीण आली होती ना भाऊबीजेला. तिचा नातू बी होता संगं. हुशार पोरगा आहे. मोबाइलवर फोटो-बिटो काढून वायफाय पुरा नीट करून देला त्याने."

"कोणतं गाव त्यांचं?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. लाईनमन पोरगा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. गुरुजींना मी एवढंच म्हणालो की आज रात्री आठला नेट चालेल. राउटरमधला पासवर्ड बदलला, मार्करचं लिखाण स्पिरिटने पुसलं, नवा पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहून दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि एक कॅपिटल अक्षर माझ्याकडून नीट काढून घेतलं.

सर्व्हरवरचा पासवर्ड मात्र मी अजून बदलला नव्हता. तो सात वाजेपर्यंत जुनाच हवा होता.

7.05

दुसरं गाव. उद्या इथली मंडई, चौकात मांडव पडतोय. त्या घरापासून थोडं दूर गाडी लावून मी मोबाइलवर ओएलटी उघडून बसलो. सात वाजून चार मिनिटांनी ओळ उमटली. गुरुजींचा मॅक, 3,870 मीटर. आमचा पोरगा त्या ओळीतल्या स्प्लिटरच्या खांबावर होता. त्याने एक कनेक्टर ओढला, ओळ गेली. परत लावला, ओळ आली. त्या कनेक्टरची वायर जिथे जात होती ते घर हेच.

खात्री झाल्यावर मी फोनवरूनच सर्व्हरचा पासवर्ड बदलला आणि दार वाजवलं.

नातू सतरा-अठराचा, डिप्लोमाला. खोटं बोलला नाही. फोटो काढला, जुन्या डब्याच्या सेटिंगच्या पानात शिरला, व्हिडिओ बघून मॅक बदलला, राउटरचाही बदलला. आमच्या सगळ्या ओएलटींवर एकच यादी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने नुसतं करून पाहिलं आणि चाललं. यादी एकच का, तर गिऱ्हाईक घर बदलतं आणि मग दोन ठिकाणी नोंदी कराव्या लागतात. उद्यापासून प्रत्येक मॅक त्याच्याच पोर्टला बांधायचा, हे मी मालकांशी भांडून करून घेणार आहे. आणि बंद जोडणीचा कनेक्टर स्प्लिटरवरून काढायचाच, पेट्रोल लागलं तरी.

पोराचा बाप चुरणीवरून आला होता, अंगावर अजून भुसा. आमच्या लाईनमनने उत्साहात त्याला 2023 चा दूरसंचार कायदा सांगितला. ओळख-क्रमांकात फेरफार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड.

"पन्नास लाख?" बाप म्हणाला. "पाचशेचं तं नेट हाये जी."

मी त्याला पोलिसांच्या पत्राचं सांगितलं. तुमच्या पोराने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही, पण त्याने या नेटवर जे काही केलं ते सगळं तुमच्या मामांच्या नावावर लिहिलं गेलंय. यावर तो गंभीर झाला. "मामाजीले सांगू नका जी," म्हणाला. मी सांगणार नव्हतोच. गुरुजी शिक्षक आहेत, त्यांनी गावाची नावं जोडून एव्हाना गणित सोडवलं असेल.

8.40

आठ वाजता गुरुजींच्या सेशनवर लक्ष ठेवलं. एकसलग. रात्रीची गर्दी चढली, सगळीकडे सिरियल आणि रील. मोहाडीचा एक पोर्ट भरत आला होता, तो हलका केला. मालकांना यादी पाठवली. सात घरं एका लॅपटॉपची, बाकी दुरुस्तीचे डबे, नक्कल एक, मिटली. त्यांचं उत्तर आलं, "फक्त एक?"

पोलिसात द्यायचं का, हेही त्यांनी विचारलं. नको म्हणालो. डिप्लोमाच्या पोराला कोर्टात उभं करून आमची यादी लहान होणार नाही. ती लहान होईल मार्कर फेकून दिले तर.

9.15

त्या गावातून फोन. बाप होता. धानाचे पैसे यायला वेळ आहे, पण पोराच्या शिक्षणाला नेट लागते, जोडणी परत चालू करायची म्हणाला. मागची बाकी मंडईनंतर दोन हप्त्यांत देईन. मी ठीक म्हटलं, आणि नव्या जोडणीसारखा इन्स्टॉलेशन चार्ज सांगितला.

"तो कायले घेता जी?" तो म्हणाला. "वायर तं लागलीच हाये. डब्बा बी पोराने चालू करून पायला, मस्त चालते."